मुरुमांवरची क्लिनिकल ट्रायल : सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

मेडिकल कॉलेजातल्या स्किन ओपीडीत ट्रायलचे कागद सांभाळायचं काम मी काही वर्षं केलं. संमतीपत्र वाचून दाखवायचं, पुढची तारीख द्यायची, आदल्या दिवशी फोन करून "उद्या येताय ना?" विचारायचं. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या खेड्यांतून येणारी पोरंपोरी आणि त्यांचे मायबाप जे विचारायचे, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. कोणतं औषध लावायचं ते डॉक्टर चेहरा पाहूनच सांगतील. इथे बोलायचं आहे ते ट्रायलबद्दल, म्हणजे एखादं औषध खरंच गुण देतं का हे माणसांवर पद्धतशीर तपासून पाहण्याबद्दल.

मुरुमं वयाची असतात, वयानं जातात. त्यावर एवढं संशोधन कशाला?

बऱ्याच जणांची जातात, पण खड्डे राहतात. काही बायांना तिशी उलटली तरी हनुवटीवर, जबड्यावर येतच असतात. आणि जाईपर्यंतची पाच-सात वर्षं नेमकी दहावी, बारावी, कॉलेज आणि लग्न जुळवण्याची असतात. उन्हासाठी बांधलेला दुपट्टा वर्गात पंख्याखाली बसल्यावरही न सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना "वयानं जाईल" असं सांगून भागत नाही.

मुरुम होतं तरी कशानं?

वयात येताना हार्मोन्स वाढतात आणि कातडीतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि तिथे सूज येते. हे सगळं वर दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी आत सुरू झालेलं असतं. त्यामुळे आज लावलेल्या औषधाचा गुण उद्या सकाळी दिसत नाही. ट्रायल साधारण १२ आठवडे चालते तीही याचमुळे.

चेहरा मळका राहतो म्हणून मुरुमं येतात, हा समज मात्र सोडून द्या. दिवसातून पाचदा साबण घासून कातडी सोलपटते, बाकी काही होत नाही.

ट्रायल म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना?

हो, प्रयोगच. गोड शब्दांत गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही. आणि ही शंका बिनबुडाची मुळीच नाही. मुरुमांवरचं आज जगभर वापरलं जाणारं ट्रेटिनॉइन हे औषध अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांच्या कामातून पुढे आलं. त्याच क्लिगमननी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर नाना प्रयोग केले. कैदी बहुतांशी काळे होते. काय लावलं जातंय हे त्यांना धड सांगितलं नव्हतं आणि चार पैशांची गरज त्यांना होतीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागानं त्याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. म्हणजे औषध चांगलं निघालं, पण ते ज्या वाटेनं आलं ती वाट वाईट होती.

आजचे नियम असल्याच प्रकरणांतून शिकून आले. भारतात 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. नीतिमत्ता समितीनं, म्हणजे एथिक्स कमिटीनं, मंजुरी दिल्याशिवाय कोणालाही ट्रायलमध्ये घेता येत नाही. या समितीत किमान सात जण लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य माणूस आणि किमान एक बाई हवीच, शिवाय निम्मे सदस्य त्या दवाखान्याबाहेरचे हवेत.

आपल्याकडे संशोधन परकं आहे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. आज बाळंतिणीच्या घरी येऊन आशाताई बाळाचं वजन घेतात, त्याची मुळं त्या अभ्यासात आहेत. तोही प्रयोगच होता.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं आठ दिवसांत चेहरा साफ झाला. मग तीन महिन्यांच्या ट्रायलच्या भानगडीत कशाला पडायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तरही जरा लांबच आहे.

"चेहऱ्याला काय काय लावता ते सगळं दाखवा" म्हटलं की माय पिशवीत हात घालते. आधी आधार कार्ड, मग केस पेपर, मग रुमालाची पुरचुंडी, आणि त्यात शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत अंगठ्याएवढी उरलेली ट्यूब. ट्यूबवरचं इंग्रजी नाव घरात कोणी वाचलेलं नसतं. शेजारच्या सुनेनं सांगितलं, मेडिकलवाल्यानं दिली, पन्नास-साठ रुपये घेतले. बारीक अक्षरांत पाहावं तर बीटामेथासोन, मोमेटासोन नाहीतर क्लोबेटासोल. म्हणजे स्टिरॉइड. सोबत बहुधा एखादं बुरशीचं औषध, एखादं जंतूंचं, नाहीतर डाग उजळवणारं हायड्रोक्विनोन.

स्टिरॉइड सूज झटकन बसवतं, म्हणून आठ दिवसांत जादू दिसते. महिना-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा उमटतात, ओठावर आणि गालावर लव वाढते, आणि एकाच आकाराची मुरुमं एकाच वेळी भसाभस उठतात. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आगआग होते, लावली की थांबते. मग पोरगी दुसरी ट्यूब आणते, नंतर तिसरी.

हे चार-दोन जणींचं दुखणं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचारोगाचे २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा ट्यूब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम केला. गावच्या बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये तो किती पाळला जातो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ट्रायलला "आमच्यावर प्रयोग करता काय" म्हणणारी माणसं ही ट्यूब बिनदिक्कत लावतात, याचं मला दरवेळी नवल वाटायचं. ट्रायलमध्ये तुमची नोंद असते, वर समिती असते, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा तो नंबर असतो. ट्यूबसोबत बहुतेकदा साधं बिलही मिळत नाही.

अशी ट्यूब चालू असेल तर एकदम फेकूनही देऊ नका, कारण मुरुमं उसळी मारतात. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि ट्रायलच्या डॉक्टरपासून लपवू तर अजिबात नका.

ट्रायल खरी आहे की कोणी कंपनीच्या नावावर गंडवतंय, हे कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआयमध्ये असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून सरकारी औषध नियंत्रकांनी मंजूर केलेल्या ट्रायलसाठी ती बंधनकारक झाली. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंद करावी लागते. क्रमांक 'सीटीआरआय'नं सुरू होतो, पुढे वर्ष, महिना आणि आकडे. वेबसाइटवर तो टाकला की औषध कोणतं, किती रुग्ण, कोणत्या दवाखान्यात, पैसा कोणाचा, सगळं दिसतं. मजकूर इंग्रजीत असतो, पण गावात बारावी झालेलं एखादं पोरगं असतंच.

कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. अभ्यासाचं औषध आणि तपासण्या यांचा पैसा रुग्णाकडून घ्यायचा नसतो. मंगल कार्यालयात शिबिर लावून "नवीन संशोधन, फक्त पंधराशे" म्हणणारा माणूस मलम विकायला आलेला आहे.

"पीजीच्या थीसिससाठी" म्हणतात, ते वेगळं असतं का?

असतं. एमडी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो आणि मेडिकल कॉलेजात तुमच्या वाट्याला येणारं संशोधन बहुतेक वेळा हेच असतं. औषध आधीपासून बाजारात असलेलं, रुग्ण पन्नास-शंभर, आणि सॅलिसिलिक पील (कातडीचा वरचा थर काढणारं आम्ल) बरं की ग्लायकोलिक पील अशी एखादी तुलना. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि तुमची लेखी संमती इथेही लागतेच. धोका कमी असतो, पण अभ्यास लहान असल्यामुळे निष्कर्षावरही फार भार टाकता येत नाही.

अर्ध्या चेहऱ्याला एक औषध, अर्ध्याला दुसरं, हे कसलं?

याला स्प्लिट-फेस म्हणतात आणि मला स्वतःला हा प्रकार आवडतो. डाव्या गालाची तुलना उजव्याशी. माणूस तोच, ऊन तेच, खाणं तेच. फरक पडला तर तो औषधाचा, असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. पोटात घ्यायच्या गोळ्यांना हे चालत नाही, हे उघड आहे. अडचण एवढीच की पोरं दोन्ही ट्यूब उलटसुलट लावतात. त्यावर मोठ्या अक्षरांत 'डावा' आणि 'उजवा' लिहून मागा, आणि आरशात डावा-उजवा बदलत नाही हे घरून एकदा पाहून या.

आम्हाला नुसतीच औषध नसलेली क्रीम दिली तर?

देऊ शकतात, आणि तसं संमतीपत्रात लिहिलेलं असतं. मलमाच्या ट्रायलमध्ये एका गटाला औषधाचं मलम आणि दुसऱ्याला तेच मलम औषधाविना. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवतो. तुम्हालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं.

"मग आमची फसवणूकच की" असं एका बापानं मला तोंडावर म्हटलं होतं. त्यांना मी क्लॅस्कोटेरोनचं उदाहरण दिलं. हार्मोनचा परिणाम कातडीवरच रोखणारी ही क्रीम, अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली. दोन मोठ्या ट्रायल झाल्या, मिळून १,४४० रुग्ण. १२ आठवड्यांनी ज्यांचा चेहरा साफ किंवा जवळपास साफ झाला ते औषधाच्या गटात १८.४ आणि २०.३ टक्के, औषधाविना क्रीम लावणाऱ्यांत ९ आणि ६.५ टक्के. नीट पाहा. ज्यांना औषध मिळालंच नाही त्यांच्यातलेही काही बरे झाले. दुसरा गट नसता तर कंपनीनं त्यांचंही श्रेय औषधाला दिलं असतं. आणि औषध मिळालेल्या पाचातल्या चौघांचा चेहरा तीन महिन्यांत साफ झाला नव्हता, हेही याच आकड्यांतून कळतं. जाहिरातीतला "आधी आणि नंतर"चा फोटो हे सांगत नाही.

डॉक्टर मुरुमं मोजतात म्हणजे काय करतात?

खरंच मोजतात. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. लाल, पू भरलेली वेगळी आणि काळ्या-पांढऱ्या तोंडाची वेगळी. शिवाय पूर्ण चेहऱ्याला ० ते ४ असा एक आकडा देतात. ० म्हणजे साफ, १ म्हणजे जवळपास साफ. दोन पायऱ्या उतरून ० किंवा १ वर आलात तर उपचार यशस्वी.

माझी तक्रार इथे आहे. आपल्या सावळ्या कातडीवर मुरुम बसलं तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो आणि पोरींना खरं दुःख त्या डागाचं असतं. या मोजणीत डाग धरत नाहीत. कागदावर "यशस्वी" आणि आरशात "होतं तसंच", असं होऊ शकतं. म्हणून डागांचा वेगळा हिशेब ठेवणार का, हे आधीच विचारा. मोठ्या ट्रायल बऱ्याचदा गोऱ्या लोकांवर झालेल्या असतात, त्यामुळे आपल्या कातडीवरचे अभ्यास व्हायलाच हवेत असं मला वाटतं.

किती वेळा यावं लागेल? सोयाबीन सोंगणीत आणि कापूस वेचणीत घरचं माणूस सुटत नाही.

बहुधा सुरुवातीला, मग दोन किंवा चार आठवड्यांच्या अंतरानं, बाराव्या आठवड्यापर्यंत. प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च देता येतो. तो किती, कधी आणि रोख की खात्यात, हे एथिक्स कमिटीनं मंजूर केलेल्या कागदात असतं. विचारायला लाजू नका. तुमच्या गावाची शेवटची एसटी किती वाजता आहे तेही आधीच सांगा, म्हणजे तपासणीला सकाळची वेळ मागता येते.

आणखी एक गोष्ट. चालू औषधं बंद ठेवून काही काळ थांबावं लागतं. मलमांसाठी साधारण दोन आठवडे, अँटिबायोटिक गोळ्यांसाठी चार, चिवट मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन घेतलं असेल तर बहुतेकदा सहा महिने. त्या काळात मुरुमं वाढू शकतात. लग्न किंवा साखरपुडा तोंडावर असेल तर या भानगडीत पडू नका.

मुलगी सोळाची आहे. सही कोणाची?

आईची किंवा वडिलांची, आणि मुलीचा स्वतःचा होकारही. सात वर्षांवरच्या मुलांना त्यांच्या भाषेत समजावून त्यांचा होकार घ्यायचा असतो. बाप "हो" म्हणतो आणि पोरगी मान खाली घालून बसते, तेव्हा तो होकार नसतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. कागद मराठीत हवा आणि त्याची एक प्रत तुमच्या घरी गेली पाहिजे.

ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहते. अधीक्षकांची सही चालेल?

नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस, देण्याचा प्रकल्प झाला. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्याची झाडाझडती घेतली, तेव्हा ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. मायबापांना पत्ताच नव्हता. मेळघाट असो की एटापल्ली, मायबाप दूर राहतात म्हणून त्यांची संमती दुसऱ्याला देता येत नाही.

लग्न न झालेल्या पोरीची प्रेग्नन्सी टेस्ट कायले?

या प्रश्नावर ओपीडीत आवाज चढायचा. "आमच्या पोरीवर संशय घेता काय?" म्हणत एक काकू पोरीचा हात धरून जिन्यापर्यंत गेल्या होत्या. सिस्टर मागे गेल्या, बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ही तपासणी पाळी येणाऱ्या सगळ्या मुलीबायांचीच होते, मी ट्रायलमध्ये असते तर माझीही झाली असती.

कारण कडक आहे. आयसोट्रेटिनॉइन हे औषध चिवट, गाठींच्या मुरुमांवर विलक्षण काम करतं. १९७९ च्या पहिल्या अभ्यासात १४ रुग्ण होते आणि त्यातल्या १३ जणांचा आजार पूर्ण गेला. पण गरोदरपणात ते पोटात गेलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस जाता कामा नयेत. ट्रायलमध्ये कोणाच्या तोंडी शब्दावर हा धोका घेता येत नाही, म्हणून सरसकट नियम. लघवीची साधी पट्टी असते, दोन ओळी की एक एवढंच, आणि निकाल आधी मुलीला एकटीला सांगायचा असतो. लग्नाची तारीख ठरत असेल तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजून गप्प बसलात तर घोटाळा होईल.

फोटो काढतात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले तर?

फोटो लागतातच. एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, तीन बाजूंनी. त्यांची संमती वेगळी मागा. नावाऐवजी क्रमांक, दवाखान्याचा कॅमेरा. कोणी स्वतःच्या मोबाइलवर टिपायला लागला तर "नको" म्हणा. छापताना डोळे झाकणार का, तेही विचारून ठेवा, कारण गाव लहान असतं आणि नुसत्या हनुवटीवरूनही माणूस ओळखू येतो.

औषधानं त्रास झाला तर खर्च कोणाचा?

ट्रायलच्या काळात इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी. नियमांत तिचं सूत्र दिलेलं आहे. गंभीर घटना असेल तर डॉक्टरला २४ तासांत वर कळवावं लागतं. किरकोळ जळजळ, कोरडेपणा, सालं निघणं हे मुरुमांच्या बऱ्याच औषधांनी होतं. पण किरकोळ काय आणि गंभीर काय हे घरी ठरवत बसू नका, संमतीपत्रावरच्या नंबरवर फोन लावा.

मध्येच सोडली तर डॉक्टर रागावतील? पुढे ओपीडीत बघतील का?

सोडता येते, कारण न सांगताही. नेहमीचा उपचार त्यामुळे बंद होत नाही. कोणी रागावलाच तर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर त्याच कागदावर असतो.

तर्री, आंबा, अंडी, शेंगदाणे "गरम पडतात". खरं आहे?

१९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट खाऊ घालून पाहिलं आणि मुरुमांशी त्याचा संबंध नाही असं जाहीर केलं. वर्षानुवर्षं डॉक्टर तेच सांगत राहिले. पण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीत साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, मग फरक दिसणार कसा? लेखकांत पुन्हा ते क्लिगमन होतेच आणि ६५ पैकी ३५ जण कैदी. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवडे अभ्यास झाला. रक्तातली साखर झपाट्यानं न वाढवणारं जेवण घेणाऱ्यांची मुरुमं जास्त कमी झाली. अभ्यास लहान होता, पण रोख साखरेकडे आहे. तर्रीपेक्षा कोल्ड्रिंक, बिस्किटं आणि दिवसातून चारदा गोड चहा यांकडे आधी पाहा. ज्वारीची भाकर आपल्याकडे आहेच.

कडुलिंब, हळद, मुलतानी माती?

आजीचं सगळं टाकाऊ असतं असं मी म्हणणार नाही. पण वनस्पतीचीही तशीच परीक्षा घेता येते. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर टी-ट्री झाडाचं तेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं जुनं लावायचं औषध यांची तुलना झाली. तेलानं गुण आला, पण सावकाश, आणि त्रास कमी झाला. कडुलिंबाच्या पाल्यावर कोणी असा नीट अभ्यास काढला तर मी स्वतः माणसं गोळा करीन. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट मात्र नको. दोन्हींनी कातडी भाजते आणि आपल्या रंगावर डाग पडतो.

पोलीस भरतीची तयारी करतो. प्रोटीन पावडर सुरू केल्यापासून पाठ आणि खांदे भरलेत.

व्हे प्रोटीननं मुरुमं वाढल्याच्या नोंदी आहेत. जिममध्ये कोणी "ताकदीचं इंजेक्शन" देत असेल तर ते अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड असण्याची शक्यता आहे आणि त्यानं मुरुमं बऱ्याचदा येतात. ट्रायलच्या डॉक्टरला दोन्ही सांगा. पाठीच्या मुरुमांवर फार काळ कोणी नीट अभ्यासच केला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रायफॅरोटीन या मलमाच्या दोन ट्रायलमध्ये २,४२० रुग्ण होते आणि चेहऱ्यासोबत छाती-पाठही मोजली होती.

मे महिन्यात ४५ अंश ऊन असतं. औषध चालेल?

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीनं ऊन जास्त बाधतं. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलिन ही मलमं रात्रीच लावायची. ट्यूबवर '३० अंशांखाली ठेवा' असं लिहिलेलं असेल तर टिनाच्या घरात ते जमत नाही. माठाजवळ, कोरड्या डब्यात, सावलीला ठेवा आणि फ्रीजमध्ये चालेल का ते विचारून घ्या. बेंझॉइल पेरॉक्साइडनं कपड्याचा रंग उडतो. नव्या दुपट्ट्यावर पांढरे चट्टे पडल्यावर पोरी रडल्या आहेत. लावलेलं पूर्ण वाळू द्या आणि उशीला जुना पांढरा अभ्रा घाला.

लेकरं झाली तरी मुरुमं जात नाहीत. आमच्यासाठी काही अभ्यास?

इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायांवर स्पायरोनोलॅक्टोन या गोळीची ट्रायल झाली, २०२३ मध्ये छापली. १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांनी गुण जास्त दिसला. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. पाळी अनियमित असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्या.

मुरुमांची लस येणार म्हणतात?

२०२४ मध्ये सनोफी कंपनीनं मुरुमांवरच्या एमआरएनए लसीची (कोविडच्या काही लसी याच तंत्राच्या होत्या) सुरुवातीची ट्रायल सुरू केली. सुरुवातीची म्हणजे सुरक्षित आहे का इथपासून. गावात कोणी आत्ताच मुरुमांची लस देतो म्हणाला तर तो थापा मारतोय.

ट्रायल नको. मग तोवर काय करू?

जुनं, स्वस्त औषध कमी लेखू नका. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये सौम्य ते मध्यम मुरुमांच्या ६४९ रुग्णांवर पाच उपचार तोलले. साधं बेंझॉइल पेरॉक्साइड अँटिबायोटिक गोळ्यांच्या तोडीस तोड निघालं आणि पैशाच्या हिशेबात सरस ठरलं. त्याला जंतू सरावत नाहीत, हा आणखी फायदा. २.५ टक्क्यांचं घ्या, जास्त ताकदीचं जास्त जाळतं. अँटिबायोटिक गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनानं चालू ठेवू नका.

गाठी, खड्डे किंवा स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा असेल तर मेडिकल कॉलेजचा त्वचारोग विभाग गाठा. नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, जे जवळ पडेल ते. जाणं जमत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ई-संजीवनीबद्दल, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरला दाखवण्याच्या सरकारी सोयीबद्दल, विचारा.

ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहतं का? आणि निकाल आम्हाला कोणी सांगतं का?

मुरुमांच्या ट्रायलमध्ये औषध बहुतेक थांबतं, पुढे ओपीडीचा नेहमीचा उपचार. तो काय असेल हे शेवटच्या भेटीत लिहून घ्या. निकाल मात्र आपणहून फारसं कोणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मागून ठेवा. मी कोणत्या गटात होतो ते अभ्यास संपून गट उघड झाल्यावर कळवा, आणि निष्कर्ष काय निघाला ते मराठीत, एका पानात द्या. चांगला डॉक्टर हो म्हणतो. सीटीआरआयचा क्रमांक घरी जपून ठेवला असेल तर वर्षभरानं तुम्ही स्वतःही नोंद उघडून पाहू शकता. तिथे ट्रायल 'पूर्ण' दिसली आणि तरी फोन आला नाही, तर संमतीपत्रावरचा नंबर लावायला कोणाची परवानगी लागत नाही.